जबाबदार असणं हा आजार कसा काय? (ओसीडी, प्रश्नावली आणि गॅसचं बटण)

कडीकुलूप

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या नळीवरचं लेबल आणि अर्जावरचं नाव, वय, क्रमांक जुळवून बघायचे, हे दिवसभराचं काम. तिथे मला काहीही होत नाही. एकदा बघते, सही करते, नळी पुढे सरकते. पुढच्या टेबलावर आणखी एकजण तेच ताडून बघतो, त्याचीही सही होते.

घरी मात्र गॅसचं बटण. बंद आहे हे डोळ्यांना दिसतंय. हाताने दाबून बघते. ‘बंद’ असं मोठ्याने म्हणतेसुद्धा. आणि जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत त्यातलं काहीच खरं वाटेनासं होतं. मग फोटो काढायला लागले. मग फोटो आजचाच आहे ना हे बघायला लागले. आता फोटो काढताना कोपराचा धक्का बटणाला लागला असेल का, इथवर गाडी आली आहे.

गंमत अशी की नवरा माझ्यामागून निघणार असेल तर मी गॅसकडे ढुंकूनही बघत नाही. बहिणीकडे राहायला गेले की रात्री दाराला कडी कुणी लावली हेही विचारत नाही, गाढ झोपते.

समुपदेशक बाईंनी ओसीडीची (नको ते विचार छळतात आणि त्यापायी तेच तेच करत बसावं लागतं, तो आजार) 44 विधानांची एक प्रश्नावली भरून घेतली. ‘जबाबदारी आणि धोक्याचा अंदाज’ या गटात माझे गुण बरेच वर आले, ‘विचारांना महत्त्व देणं आणि ते ताब्यात ठेवणं’ यातही वर, ‘परिपूर्णता आणि खात्री’ यात मधले. त्यावर पुढच्या भेटीत बोलू म्हणाल्या, आणि ती भेट अजून लांब आहे. तोवर डोकं भणभणतंय. मी जबाबदार आहे म्हणून तर मला या कामावर ठेवलंय. मग तोच दोष कसा झाला? आणि माझी स्मरणशक्ती जातेय का? लॅबमध्ये सकाळच्या नळ्यांचे क्रमांक संध्याकाळी आठवतात, पण दोन मिनिटांपूर्वी बंद केलेलं बटण आठवत नाही.

तिसरी गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. भाचा कडेवर होता, गॅलरीत उभी होते, आणि मनात आलं, ‘खाली टाकला तर?’ माझा जीव आहे त्या पोरावर. तेव्हापासून त्याला उचलून घेतलेलं नाही. बहिणीला वाटतंय मी कशावरून तरी रुसले आहे.

गोळ्यांचं डॉक्टर बघतील, ते सांगू नका. हे डोकं असं का चालतं, एवढंच हवं आहे.

चालतंय की

ताई, एवढं मनावर घेऊ नका. कुलूप लावल्यावर मीही दोनदा ओढून बघतो. सगळ्यांनाच थोडी थोडी ओसीडी असते. मन कशात तरी गुंतवा आणि तसला विचार आला की लगेच झटकून टाका. जितकं खोलात शिराल तितकं रुताल.

मधली ओळ

कडीकुलूप, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि माझ्याकडे ओसीडीचीच माणसं जास्त येतात. तुमचं लिखाण वाचताना मजा वाटली, रागावू नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय आणि ते ओलांडून पुढे गेलात. नवरा मागून निघणार असेल तर बटण आठवत नाही. बहिणीकडे झोप लागते. लॅबमध्ये दुसरी सही असते. आग लागण्याचा धोका सगळीकडे तेवढाच, तुमचे डोळेही तेच. फरक पडला तो एवढाच, की काही झालंच तर बोट कुणाकडे वळेल.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1985 साली नेमकी हीच मांडणी केली. नको ते विचार सगळ्यांच्याच मनात येतात. पण ‘हे नुकसान माझ्यामुळे होऊ शकतं, किंवा मी टाळू शकते, म्हणजे ते टाळणं माझ्यावरच आहे’ असा अर्थ ज्याच्या डोक्यात लगेच लागतो, त्याला तो विचार सोडत नाही. यातली खरी मेख निष्काळजीपणाच्या हिशोबात असते. आपण एखादी गोष्ट केली नाही म्हणून वाईट घडलं, तर ते आपण मुद्दाम केल्यासारखंच, असं या माणसांना आतून वाटतं. बाकीचे लोक या दोन गोष्टींत बराच फरक करतात.

1995 साली लोपाटका आणि रॅकमन यांनी याची सरळ परीक्षा घेतली. ओसीडी असलेल्या लोकांना त्यांच्या नेहमीच्या तपासणीच्या प्रसंगात उभं केलं आणि एका वेळी, काही बिघडलं तर जबाबदारी आमची, असं प्रयोग करणाऱ्यांनी सांगितलं. बेचैनी उतरली, तपासून बघण्याची ऊर्मीही उतरली. तुमच्या घरी हा प्रयोग नवरा मागून निघेल त्या दिवशी आपोआप होतो.

आता जबाबदारी दोष कशी, ते. जबाबदार माणूस स्वतःला विचारतो, माझ्या वाट्याचं मी केलं का? तुमचं डोकं विचारतं, काहीही वाईट होणार नाही याची मी पक्की हमी दिली का? पहिल्या प्रश्नाला उत्तर असतं. दुसऱ्याला जगात कुणाकडेच नसतं, त्यामुळे तो संपतच नाही. लॅबमध्ये तुम्हाला पहिला प्रश्न पुरतो, कारण तिथली पद्धतच तुमचा वाटा आखून देते. घरी आखून देणारं कुणी नाही, म्हणून सगळाच वाटा तुमचा होतो. यावर उपचारात एक व्यायाम करून घेतात. समजा आग लागली, तर त्यात कशाकशाचा हात असू शकेल ते लिहायचं. शेगडी बनवणारे, रबरी नळी, नळी तपासून गेलेला माणूस, घरातली बाकीची माणसं, निव्वळ योगायोग. मग एक गोल काढून प्रत्येकाला त्याचा तुकडा द्यायचा आणि आपलं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं. आधी सगळा गोल स्वतःच्या नावावर करून बसलेली माणसं उरलेली फोड बघून गप्प होतात. त्याने आजार जात नाही, पण हिशोब कुठे चुकतोय ते डोळ्यांना दिसतं.

स्मरणशक्ती. ही माझी आवडती बाजू आहे, कारण इथे सगळ्यांची समजूत उलटी असते. आठवत नाही म्हणून तपासावं लागतं, असंच आपण धरून चालतो. नेदरलँड्समधल्या मार्सेल फान डेन हाऊट आणि मेरेल किंट यांनी 2003 साली धडधाकट विद्यार्थ्यांना घेतलं, ओसीडी नसलेल्या. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दिली. चालू करा, बंद करा, तपासा. काहींना हे पुन्हा पुन्हा करायला लावलं, काहींना मध्यंतरी पडद्यावरचे दिवे तपासायला दिले. शेवटी विचारलं, शेवटच्या खेपेला शेगडीची कुठली बटणं तपासलीत? उत्तरं दोन्ही गटांची जवळपास सारखीच बरोबर. पण शेगडीच पुन्हा पुन्हा तपासलेल्यांची आठवण फिकट झालेली, बारकावे गेलेले, आणि ‘मला नीट आठवतंय’ हा विश्वास घसरलेला. पुढे खऱ्या शेगडीवरही असाच निकाल आला.

म्हणजे तुमची आठवण शाबूत आहे, तिच्यावरचा विश्वास तपासण्याने झिजतोय. एकाच कागदावर तीच ओळ वीसदा छापली तर अक्षर वाचता येत नाही, तसं काहीसं. आज सकाळचं बंद बटण, कालचं, परवाचं, सगळी एकमेकांवर बसतात आणि आजचं वेगळं काढता येत नाही. नळ्यांचे क्रमांक आठवतात, कारण प्रत्येक क्रमांक वेगळा असतो आणि तुम्ही तो एकदाच बघता. उद्यापासून प्रत्येक नळी दहादा बघायला लागा, तिथलीही खात्री जाईल. (लागू नका.) मोठ्याने ‘बंद’ म्हणणं, फोटो काढणं, ही सगळी त्याच तपासणीची पिल्लं. फोटोचा पुरावा पुरला नाही आणि कोपर आलं, हे ओसीडीच्या स्वभावाला धरूनच झालं.

भाच्याचं. हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण लोक नेमकं हेच समुपदेशकापासूनही लपवतात. 1978 साली रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी आजार नसलेल्या माणसांना विचारलं, तुमच्या मनात असे ओंगळ, भयंकर, नकोसे विचार येतात का? जवळपास 80 टक्क्यांनी हो म्हटलं. रुग्णांचे आणि बाकीच्यांचे विचार एकत्र करून दिल्यावर कुठला कोणाचा हे ओळखणं तज्ज्ञांनाही जड गेलं. 2014 साली 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांचा अभ्यास आला. मागच्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार आला होता, असं 94 टक्के जणांनी सांगितलं. कडेवरचं मूल आणि उंचावरची गॅलरी दिसली की मेंदू ‘पडलं तर? टाकलं तर?’ हे फेकणारच. इतरांच्या बाबतीत तो विचार येतो आणि जातो. तुमच्याकडे तो अडकला, कारण ‘असं मनात आलं म्हणजे माझ्यात काहीतरी आहे’ असा निकाल तुम्ही त्याच्यावर दिलात.

याला थॉट-अ‍ॅक्शन फ्यूजन म्हणतात. 1996 साली शफ्रान, थॉर्डार्सन आणि रॅकमन यांनी ते मोजण्याची पट्टी तयार केली. त्याचे दोन प्रकार. विचार आला म्हणजे तसं घडण्याची शक्यता वाढली, हा एक. विचार येणं हे करण्याइतकंच पाप, हा दुसरा. तुमच्या प्रश्नावलीतला ‘विचारांना महत्त्व देणं’ हा गट याच घराण्यातला. आणि बघा, विचार कुणाबद्दल आला? ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दल. पछाडणारा विचार बहुधा माणसाला जे सर्वांत प्रिय किंवा पवित्र असतं तिथेच जाऊन बसतो. देवभोळ्याला देवाबद्दल घाण विचार येतात, सौम्य माणसाला सुरी दिसते. पहिल्यांदाच आई-बाप होणाऱ्यांचा 2006 साली एक अभ्यास झाला. गरोदरपणाच्या काळातच ज्यांच्या मनात जबाबदारीच्या, विचारांना महत्त्व देण्याच्या अशा धारणा घट्ट होत्या, त्यांना बाळ झाल्यावर ओसीडीसारखा त्रास जास्त झालेला दिसला, बापांनाही. धारणा आधी, त्रास नंतर, हे त्यातून दिसलं म्हणून तो महत्त्वाचा.

‘चालतंय की’, तुमचा हेतू चांगला आहे, पण झटकून टाका हा सल्ला इथे उलटतो. डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर तर आधी न दाबलेल्यांपेक्षा जास्त आलं. ओसीडी असलेल्यांवरच्या पुढच्या प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत, तेव्हा अस्वलावर सगळा भार टाकत नाही. पण रोजच्या कामात मला एवढं नक्की दिसतं, की झटकायचा प्रयत्न फसला की माणूस म्हणतो, ‘बघा, जातच नाही, म्हणजे खरंच काहीतरी आहे.’ आणि सगळ्यांना थोडी थोडी ओसीडी नसते हो. थोडे थोडे विचार असतात. दिवसातला तासाहून जास्त वेळ त्यात जायला लागला किंवा जगणं अडायला लागलं की आजार म्हणायचं, असा साधारण निकष आहे.

रेघ न रेघ

मधली ओळ, तुमचं सगळं पटलं असतं, जर माझी ओसीडी तशी असती. मी ड्राफ्ट्समन. आयुष्य नकाशे काढण्यात गेलं, आधी कागदावर, आता संगणकावर. मला कुणी मरेल असं वाटत नाही. आग लागेल असं वाटत नाही. गॅस उघडा टाकून मी गावाला जाईन. माझं वेगळं आहे. शर्टाचं बटण लावताना आत कुठेतरी ‘लागलं’ असं जाणवावं लागतं, ते जाणवेपर्यंत काढघाल. दार लावताना हातातून मूठ सुटण्याची एक ठरावीक जाणीव यावी लागते. का? काही नाही. नीट झालं नाही, बस.

मलाही एकाने अशीच प्रश्नावली दिली होती. गुण सामान्य माणसासारखे आले. मग ते गृहस्थ दर भेटीत विचारायचे, ‘हे नाही केलं तर सर्वांत वाईट काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ मी म्हणायचो, काही होणार नाही, मला बरं वाटणार नाही. ते वहीत काहीतरी लिहायचे आणि परत तेच विचारायचे. शेवटी त्यांचं मन राखायला मी एक भीती बनवून सांगितली. ते इतके खूश झाले!

तेव्हा कडीकुलूप ताई, तुमच्या बाबतीत हे जबाबदारीचं कुलूप चपखल बसतंय, पण प्रत्येक ओसीडीत एक धारणा दडलेली असते असं समजू नका.

मधली ओळ

भीती बनवून सांगितली हे वाचून मोठ्याने हसले. आमच्या धंद्यावर चांगला चिमटा आहे.

तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते नवीनही नाही. फ्रेंच डॉक्टर पिएर जाने यांनी 1903 सालीच या अपूर्णतेच्या भावनेचं वर्णन करून ठेवलंय. कृती पुरी झाल्याचं समाधानच मिळत नाही, असं. मध्ये ते मागे पडलं, आणि 2000 नंतर पुन्हा त्यावर काम सुरू झालं. नुकसान टाळण्यासाठी करणारे आणि ‘बरोबर वाटावं’ म्हणून करणारे, असे दोन प्रवाह आता धरतात. एकाच माणसात दोन्ही असू शकतात. प्रश्नावलीचंही तसंच. 2006 साली रुग्णांचे गट पाडून बघितले, तेव्हा एका मोठ्या गटाच्या धारणा निरोगी लोकांसारख्याच निघाल्या. तुम्ही त्या गटातले. म्हणजे या धारणा बऱ्याच जणांच्या आजाराला खतपाणी घालतात, पण सगळ्या ओसीडीचं मूळ तिथे सापडत नाही. तुमच्यासारख्यांना ‘वाईट काय होईल’ हे विचारण्यात अर्थ नसतो. त्या अर्धवट वाटण्यासकट पुढच्या कामाला लागायचा सराव करावा लागतो. एक्सपोजर आणि प्रतिसाद रोखणं, म्हणजे ईआरपी ही उपचारपद्धत (त्रास देणाऱ्या प्रसंगाला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही), 1966 साली विक्टर मेयर यांनी सुरू केली, तेव्हा या धारणांची मांडणी झालेलीही नव्हती. तरी ती चालली, आजही चालते.

कडीकुलूप

दोघांचेही आभार. उरलेल्या फोडीचं वाचून मीही गप्प झाले. कागद घेऊन बसले होते, नळी तपासायला येणारा माणूस यात भागीदार आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता दोन गोष्टी. जिन्यातून मी नवऱ्याला फोन करते, ‘तू बघितलंस ना बंद आहे?’ तो ‘अगं बंद आहे, जा तू’ म्हणतो आणि मी निघू शकते. ही तर चांगलीच मदत झाली ना? निदान परत वर तरी जावं लागत नाही. आणि भाच्याचं बहिणीला सांगू का?

मधली ओळ

नवऱ्याचं ‘बंद आहे’ म्हणजे तुमची दुसरी सही. जबाबदारी त्याच्याकडे गेली, म्हणून पाय हलले. त्या क्षणी सुटका होते हे खरं, पण त्याच्या शब्दाशिवायही काही बिघडलं नसतं हे तुम्हाला कधी कळतच नाही. काही दिवसांनी ‘नक्की ना?’ येतं, मग ‘जाऊन बघून सांग’ येतं. फोटोचं जे झालं तेच. त्याला एकदम तोडून टाकायला सांगू नका, त्यावरून भांडणं होतात. दोघांनी मिळून समुपदेशकांकडे जा आणि त्याने उत्तरादाखल काय म्हणायचं ते तिथे ठरवा. ‘हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय, तू काय करायचं ठरवलं होतंस?’ एवढं बऱ्याच घरांत पुरतं.

फोटोही असाच पायरीपायरीने सोडायचा. सोडण्याआधी अंदाज लिहून ठेवायचा. एकदाच बघून निघाले तर जिन्यात अस्वस्थता किती असेल, लॅबमध्ये पोचल्यावर किती उरेल, आणि बटण बंद असल्याची आठवण किती स्पष्ट असेल. मग खरंच तसं करून आकडे ताडून बघायचे. ताडून बघण्यात तुम्ही पटाईत आहात, ते इथे वापरा. कमी तपासल्यावर आठवण जास्त स्पष्ट राहते, हे मी कितीही सांगितलं तरी तुमचं तुम्हाला दिसल्याशिवाय पटायचं नाही. फक्त पहिली पायरी कुठली, हे तुमच्या बाईंबरोबर ठरवा, या लिखाणावरून एकट्याने नको. आणि भाच्याचं त्यांना आधी सांगा. विचार किती भयंकर आहे यापेक्षा तो तुम्हाला किती नकोसा आहे, त्याला किती घाबरता, हेच त्या विचारतील.

रेघ न रेघ

बहिणीला सांगा. माझं नातं असल्या न बोललेल्या गोष्टीवरून एका भावाशी कायमचं आखडलं. पण गॅलरी, खाली टाकणं, या तपशिलापासून सुरुवात करू नका, तिला धसका बसेल. आधी गॅसच्या बटणाचं सांगा, ते तिने बघितलंच असेल.

चालतंय की

मी कालपासून पांढऱ्या अस्वलाचाच विचार करतोय. एक प्रामाणिक प्रश्न, मधली ओळ. कुलूप दोनदा ओढणं ठीक आहे ना? तीनदा झालं तर?

मधली ओळ

आकडा विचारू नका हो, आकडा दिला की त्याचाही विधी होतो. दोनदा ओढून तुम्ही निघून जाता आणि दिवसभर ते आठवत नाही, तर कितीदाही ओढा. कधी ओढलं नाही तर राहवतं का, ते एकदा बघा आणि इथे सांगा.